शालेय ग्रंथपाल आणि ऑनलाइन साधने : ‘पोहोच’ या संकल्पनेची चिकित्सा

सारांश

विद्यार्थी व शिक्षक यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शालेय ग्रंथपालाने ब्लॉग, व्हॉट्सअ‍ॅप, गूगल क्लासरूम, ऑनलाइन तालिका यांसारखी साधने वापरावीत, असा आग्रह ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या लेखनात गेली दोन दशके धरला जात आहे. प्रस्तुत लेखात या आग्रहाची महाराष्ट्रातील शालेय ग्रंथालयांच्या संदर्भात चिकित्सा केली आहे. साधनांच्या याद्या देणारे लेखन साधनांचे अल्पायुष्य, ग्रंथपालाचे सेवास्थान, देवनागरी तालिकेचे प्रश्न, स्वामित्वहक्क आणि बालकांची खासगी माहिती या बाबींकडे पुरेसे लक्ष देत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे. पाठवलेल्या मजकुराची संख्या हा पोहोचीचा निकष होऊ शकत नाही. वाचकाची ओळख हाच तो निकष असून ही ओळख असणारी व्यक्ती शाळेत असल्याशिवाय ऑनलाइन साधन निरुपयोगी ठरते, हा या लेखाचा मुख्य निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : शालेय ग्रंथालय, ग्रंथपाल, ऑनलाइन साधने, संदर्भसेवा, तालिका, स्वामित्वहक्क.

१. प्रस्तावना

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ लाभला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे. या सिद्धांतांमध्ये दुसरा आणि तिसरा सिद्धांत एकमेकांना पूरक आहेत. त्यांपैकी एक वाचकाकडून ग्रंथाकडे जातो, तर दुसरा ग्रंथाकडून वाचकाकडे येतो. या दोन प्रवासांच्या मध्ये ग्रंथपाल उभा असतो. वाचकही त्याला ठाऊक असतो आणि ग्रंथही. आजच्या भाषेत ज्याला ‘पोहोच’ म्हटले जाते, तिचे मूळ रूप हेच होय.

आंतरजालाच्या प्रसारानंतर या मूळ रूपात बदल झाला. टिम ओ’रायली यांच्यामुळे २००४ पासून ‘वेब २.०’ ही संज्ञा रूढ झाली आणि २००५ मध्ये मायकेल केसी यांनी तिच्या धर्तीवर ‘लायब्ररी २.०’ ही संज्ञा वापरली. वाचकाने ग्रंथालयात यावे अशी वाट पाहत बसण्याऐवजी ग्रंथालयाने वाचक जेथे आहे तेथे जावे, हा तिचा गाभा होता. हा विचार स्वागतार्ह होता यात शंका नाही. परंतु भारतीय शालेय ग्रंथालयांच्या संदर्भात तो जसाच्या तसा स्वीकारताना काही मूलभूत प्रश्न विचारले गेले नाहीत. ज्याने वाचकाकडे जायचे तो ग्रंथपाल शाळेत आहे काय, असल्यास त्याच्याकडे त्यासाठी वेळ आहे काय आणि तो वाचकाकडे नेमके काय घेऊन जाणार आहे, हे ते प्रश्न होत. प्रस्तुत लेख या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने लिहिला आहे.

२. साधनांच्या यादीचे लेखन आणि त्याची मर्यादा

या विषयावरील लेखनाचा एक साचा ठरून गेला आहे. प्रारंभी माहिती-तंत्रज्ञानाच्या युगाचा उल्लेख, त्यानंतर साधनांची क्रमवार यादी, प्रत्येक साधनाचे चार-पाच फायदे आणि शेवटी ग्रंथपालाने काळाबरोबर बदलावे असा उपदेश, असे त्याचे स्वरूप असते. अशा लेखनात साधन हे कर्ता असते आणि ग्रंथपाल हा केवळ त्याचा वापरकर्ता असतो. यादी वाचून झाल्यावर कोणत्या वाचकासाठी कोणते साधन आणि का, याचे उत्तर हाती लागत नाही.

या साच्याची पहिली मर्यादा काळानेच दाखवून दिली आहे. त्या वर्षांत ग्रंथालयांना उपयुक्त म्हणून सुचवल्या गेलेल्या सेवांचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. निंग या सेवेने २०१० मध्ये विनामूल्य समूह बंद केले. वृत्तप्रवाह एकत्र वाचण्यासाठीचे गूगल रीडर २०१३ मध्ये बंद पडले. ऑर्कुट २०१४ मध्ये, वर्गांसाठी लोकप्रिय असलेले विकिस्पेसेस २०१८ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये संपुष्टात आले. ज्या ग्रंथपालांनी या ठिकाणी परिश्रमपूर्वक पुस्तक-परिचय लिहिले, दुवे संकलित केले, विद्यार्थ्यांचे अभिप्राय जमवले, त्यांपैकी ज्यांनी वेळीच प्रती काढून ठेवल्या नाहीत त्यांचे काम त्या सेवेबरोबरच नाहीसे झाले.

येथे रंगनाथनांच्या पाचव्या सिद्धांताची आठवण होणे अपरिहार्य आहे. ग्रंथालय वाढत जाते याचा अर्थ त्यात संचय होत जातो. दाखल नोंदवहीतील पहिला दाखल अंक पन्नास वर्षांनंतरही वाचता येतो. खासगी कंपनीच्या विनामूल्य सेवेवर उभारलेले काम मात्र त्या कंपनीच्या व्यावसायिक निर्णयावर अवलंबून असते. यावरून ऑनलाइन साधने वापरूच नयेत असा निष्कर्ष निघत नाही. साधन हा रस्ता आहे, कोठार नव्हे, एवढाच त्याचा अर्थ आहे. जे जपायचे आहे त्याची प्रत ग्रंथालयाच्या ताब्यातील माध्यमावर, शक्य तेथे कागदावरही, असली पाहिजे. साधनांच्या यादीत ही साधी सूचना क्वचितच आढळते.

३. ग्रंथपालाचे स्थान : ज्याविषयी लिहिले जात नाही

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि कथापुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, अशी तरतूद आहे. त्याच अनुसूचीत उच्च प्राथमिक स्तरावर पटसंख्या शंभरापेक्षा अधिक असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांचा उल्लेख आहे. ग्रंथपालाचा उल्लेख मात्र नाही. कायद्याने ग्रंथालयाची वस्तू म्हणून नोंद घेतली, सेवा म्हणून घेतली नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. हे अनुदान पुस्तकांसाठी आहे. पुस्तक कोणाच्या हाती द्यावे हे जाणणाऱ्या माणसासाठी नाही.

महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येशी बांधलेले आहे. त्यातूनच ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ हे पदनाम रूढ झाले. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत तर स्वतंत्र ग्रंथपाल नसतोच. एखाद्या शिक्षकाकडे ग्रंथालयाचा कार्यभार सोपवलेला असतो आणि कपाटाची किल्लीही त्याच्याकडेच असते. पद असलेल्या शाळांतही ग्रंथपालाचा वेळ पाठ्यपुस्तकांचे वाटप, परीक्षेची कामे, शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन नोंदी आणि गैरहजर शिक्षकाच्या तासिका यांत जातो, हे शालेय व्यवस्थेशी परिचित असणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. अशा व्यक्तीला ‘विद्यार्थ्यांपर्यंत ऑनलाइन पोहोचा’ असे सांगणे म्हणजे तिच्या अर्ध्या वेळेत आणखी एका कामाची भर घालणे होय.

या संदर्भात महाविद्यालयीन ग्रंथालयाशी तुलना उपयुक्त ठरेल. इन्फ्लिबनेट केंद्राच्या २०१० पासूनच्या एन-लिस्ट उपक्रमामुळे ग्रामीण महाविद्यालयांनाही ई-ग्रंथ व ई-नियतकालिके अल्प शुल्कात उपलब्ध झाली. तालिकेसाठी सोल ही संगणकप्रणाली आली. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाला स्थान मिळाले. यांतील उणिवांची चर्चा स्वतंत्रपणे करता येईल. परंतु महाविद्यालयीन ग्रंथपालामागे एक यंत्रणा उभी आहे हे नाकारता येत नाही. अनुदानित शाळेतील ग्रंथपालामागे अशी यंत्रणा नाही. प्रत्येक विद्यालयात ग्रंथपालाचे पद गृहीत धरणाऱ्या केंद्रीय विद्यालयांत अनेक ग्रंथपालांनी ग्रंथालयाचे ब्लॉग दीर्घकाळ चालवले, यामागेही हेच कारण आहे. तेथे साधन यशस्वी झाले ते पद स्थिर असल्यामुळे. या यशाचे श्रेय केवळ ब्लॉगला देणारे लेखन कारण आणि कार्य यांची गल्लत करते.

इफ्लाच्या शालेय ग्रंथालयविषयक मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत पात्रताधारक शालेय ग्रंथपालाला केंद्रस्थान दिले आहे. ही तत्त्वे आपल्याकडील लेखांत आदराने उद्धृत होतात. परंतु त्यांतील साधनविषयक भाग उचलला जातो आणि ज्या पदाच्या गृहीतकावर तो उभा आहे ते पद सोयीस्करपणे बाजूला ठेवले जाते. पाया वगळून वरचा मजला बांधण्याचा हा प्रकार आहे.

४. ‘पाठवणे’ म्हणजे ‘पोहोचणे’ नव्हे

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ऑनलाइन साधनांची सर्वांत मोठी परीक्षा झाली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपद्वारे शिक्षकांमार्फत पालकांच्या फोनवर जाऊ लागली. २०१७ पासून सुरू असलेल्या दीक्षा या मंचाचा वापर वाढला. अनेक ग्रंथपालांनी या काळात वर्गांच्या समूहांवर गोष्टी, पुस्तकांची मुखपृष्ठे, ध्वनिमुद्रित अभिवाचने पाठवली. त्या प्रयत्नांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पुस्तकांची कपाटे कुलूपबंद असताना मुलांना गोष्ट मिळत राहावी यासाठी ही मंडळी धडपडत होती.

तथापि या काळाने दिलेला धडा लक्षात घेतला पाहिजे. ग्रामीण भारतातील ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. परंतु त्यांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. म्हणजे फोन घरात असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत मोठे अंतर होते. फोन वडिलांचा, ते कामावरून परतणार संध्याकाळी आणि तोवर त्या दिवशीच्या संदेशांच्या ढिगाखाली सकाळची गोष्ट गाडली गेलेली. समूहावरील दोन निळ्या खुणा पालकाने संदेश उघडल्याचे सांगतात. मुलाने गोष्ट वाचल्याचे त्या सांगत नाहीत.

पोहोचीचे हे आभासी रूप शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही टिकून राहिले आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन १५ ऑक्टोबर हा राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. उपक्रम चांगला आहे. परंतु अनेक ठिकाणी त्याची सांगता रांगेत बसून उघडी पुस्तके धरलेल्या मुलांच्या छायाचित्राने होते. छायाचित्र समूहावर जाते, तेथून अहवालात जाते आणि पुस्तके पुन्हा कपाटात जातात. ऑनलाइन साधन येथे वाचकाकडे तोंड करून उभे नसते. ते वरिष्ठ कार्यालयाकडे तोंड करून उभे असते. साधनाची दिशा कोणती, हा प्रश्न त्यामुळे साधन कोणते या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

ग्रंथालयशास्त्रात प्रचलित जागरूकता सेवा आणि निवडक माहिती प्रसारण सेवा असा भेद केला जातो. पहिली सेवा सर्वांना नव्या साहित्याची वार्ता देते. दुसरी विशिष्ट वाचकाच्या गरजेनुसार निवडलेले तेवढेच देते. शाळेतील व्हॉट्सअ‍ॅप समूह हा फार तर पहिल्या सेवेचा प्रकार आहे आणि त्यातही वार्तेपेक्षा अग्रेषित मजकुराचे प्रमाण अधिक असते. शाळकरी वाचकाला गरज असते ती दुसऱ्या सेवेची. सातवीतल्या ज्या मुलाला क्रिकेटशिवाय काहीच वाचावेसे वाटत नाही, त्याला पुढचे पुस्तक कोणते द्यावे याचे उत्तर समूहावर मिळत नाही. ते त्या मुलाला ओळखणाऱ्या ग्रंथपालाकडे असते.

५. मराठी ऑनलाइन साहित्य : अभाव नव्हे, अपरिचय

शालेय ग्रंथपालाने वाचकांकडे काय न्यावे या प्रश्नाला ‘मराठीत ऑनलाइन काहीच नाही’ असे उत्तर अनेकदा ऐकू येते. वस्तुस्थिती तशी नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचा आरंभ १९७१ मध्ये झाला आणि त्याचे जुने अंक आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश ऑनलाइन उपलब्ध आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने ई-ग्रंथ स्वरूपात मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथांचे अंकीकरण केले आहे. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर मंचावर मराठी चित्रकथा मुक्त परवान्याखाली आहेत. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात. आयआयटी खरगपूरने विकसित केलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बालक व किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली आणि त्यानंतर आकाराला आलेल्या राष्ट्रीय ई-पुस्तकालयात ३ ते ८, ८ ते ११, ११ ते १४ आणि १४ ते १८ असे वयोगट करण्यात आले.

साहित्य आहे, पण ते विखुरलेले आहे आणि शाळेच्या वेळापत्रकाशी त्याची सांगड घातलेली नाही. ‘किशोर’च्या पन्नासाहून अधिक वर्षांच्या अंकांतून सहावीच्या मुलासाठी या आठवड्यात नेमके कोणते पान उघडावे, हे त्या संकेतस्थळाला सांगता येणार नाही. वयोगटाचे शीर्षक हेही स्थूल मार्गदर्शनच आहे. अकरा वर्षांची दोन मुले वाचक म्हणून एकमेकांपासून फार दूर असू शकतात. निवड हे ग्रंथपालाचे मूळ कौशल्य येथेच कामी येते. भांडार जितके मोठे, तितकी निवडणाऱ्याची गरज अधिक. ऑनलाइन साहित्यामुळे ग्रंथपालाची आवश्यकता उरली नाही, असे मानणाऱ्यांनी हा उलटा संबंध लक्षात घेतलेला नाही.

शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचा मार्गही येथूनच जातो. समजा, नववीच्या वर्गात संतकवितेचा पाठ पुढील आठवड्यात सुरू होणार आहे. ग्रंथपालाने मराठीच्या शिक्षकांना विश्वकोशातील तुकारामांवरील नोंदीचा दुवा, शाळेच्या कपाटातील दोन संबंधित पुस्तकांचे वर्गांक आणि वर्गात वाचून दाखवता येईल असा एक उतारा, एवढ्या तीन गोष्टी चार दिवस आधी पाठवल्या, तर ती खरी संदर्भसेवा होईल. यासाठी नवे ॲप लागत नाही. अभ्यासक्रमाचे नियोजन ग्रंथपालाच्या हाती असणे आणि शिक्षकांनी त्याला सहकारी मानणे, या दोन गोष्टी लागतात. बहुतेक शाळांत शिक्षकांच्या विषयवार बैठकीला ग्रंथपालाला बोलावले जात नाही. ज्याला बैठकीत जागा नाही त्याला समूहाचे प्रशासकपद देऊन फारसे काही साधत नाही.

६. तालिका आणि लिपी

ऑनलाइन साधनांतील सर्वांत दुर्लक्षित, परंतु सर्वांत ग्रंथालयीन साधन म्हणजे तालिका. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणाली आणि न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, २००० पासून वापरात असलेली कोहा ही मुक्त स्रोत प्रणाली, या दोन्हींत देवनागरीत नोंदी करता येतात. विद्यार्थ्याला घरून किंवा संगणक कक्षातून शाळेतील पुस्तक शोधता आले, तर वाचकाचा वेळ वाचवण्याचा चौथा सिद्धांत प्रत्यक्षात येतो.

अडचण आहे ती जुन्या नोंदींची. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश असला, तरी मराठी कार्यालयांत आणि शाळांत पुढे दीर्घकाळ विशिष्ट कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकन होत राहिले. त्या फाँटमध्ये तयार केलेल्या पुस्तकयाद्या पडद्यावर मराठी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती निरर्थक रोमन अक्षरांची माळ असते. फाँट बदलला की यादी वाचता येत नाही आणि शोधता तर कधीच येत नाही. काही शाळांनी यावर उपाय म्हणून मराठी ग्रंथनामे रोमन लिपीत लिहिली. मग ‘श्यामची आई’ कोणी एका प्रकारे लिहिते, कोणी दुसऱ्या. शोधणारा मुलगा तिसऱ्याच वर्णयोजनेने शोधतो आणि पुस्तक कपाटात असूनही ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळते. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळण्यात अशा वेळी केवळ एका अक्षराचा अडसर असतो.

जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणणे, लेखकनावांत एकरूपता राखणे, ऱ्हस्व-दीर्घाचे पर्याय नोंदवणे हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्र काढता येत नाही आणि अहवालात ते एका ओळीत संपते. परंतु दहा पोस्टर पाठवण्यापेक्षा ते अधिक टिकाऊ आहे. शालेय ग्रंथपालाच्या ऑनलाइन कार्याचे मूल्यमापन करताना या अदृश्य श्रमांना प्रथम स्थान मिळाले पाहिजे.

७. स्वामित्वहक्क आणि बालकांची माहिती

समूहांवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ प्रतींचे अग्रेषण सर्रास होते आणि त्यात शाळांचे समूहही मागे नाहीत. वाचनप्रसाराच्या सद्हेतूने ग्रंथपालच अशा प्रती पाठवतो, तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होतो. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले आहे. अर्थात एखाद्या नव्या आवृत्तीतील चित्रे किंवा प्रस्तावना खुली असेलच असे नाही. पु. ल. देशपांडे यांचे निधन २००० मध्ये झाले. त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०६० च्या अखेरपर्यंत राहील. ‘श्यामची आई’ची संहिता मुलांना पाठवणे कायदेशीर आहे, पु. लं.चे संपूर्ण पुस्तक पाठवणे कायदेशीर नाही. अध्यापनाच्या ओघात उताऱ्यांच्या प्रती काढण्याला कायद्यात मुभा आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने ती अधोरेखित केली आहे. परंतु फावल्या वेळच्या वाचनासाठी संपूर्ण कादंबरी वितरित करणे हे अध्यापन होत नाही. मराठी पुस्तकाची बाजारपेठ आधीच लहान आहे. ज्या लेखक-प्रकाशकांच्या बळावर ग्रंथालय उभे आहे, त्यांच्याच मिळकतीवर ग्रंथालयाने घाव घालणे हे व्यवसायनीतीला धरून नाही.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा आहे. वाचकाने काय वाचले हे गुप्त ठेवणे ही ग्रंथपालाच्या व्यवसायाची जुनी मर्यादा आहे. ऑनलाइन प्रपत्रांत मात्र मुलाचे नाव, इयत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक, वाचलेली पुस्तके असे सर्व काही एका तक्त्यात जमा होते आणि तो तक्ता कोणाकोणाला दिसतो याचा हिशेब राहत नाही. वैयक्तिक अंकीय माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हा सामान्य नियम ठरवला आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली, तरी किमान आवश्यक तेवढीच माहिती गोळा करण्याचे पथ्य ग्रंथपालाला आजही पाळता येईल. पुस्तकावरील अभिप्राय नावाऐवजी इयत्तेसह प्रसिद्ध केल्यास अभिप्रायाचे मोल कमी होत नाही. शिवाय आपल्या नावाखाली सर्वांना दिसेल या धास्तीने आवडलेले पुस्तक आवडले नाही आणि न आवडलेले आवडले असे लिहिण्याची सक्ती मुलावर राहत नाही.

८. मूल्यमापनाचे निकष

वरील विवेचनावरून शालेय ग्रंथपालाच्या ऑनलाइन कार्यासाठी पुढील निकष सुचवता येतात.

(अ) ऑनलाइन पाठवलेल्या सूचनेनंतर प्रत्यक्ष देवघेवीत, पुस्तकाच्या मागणीत किंवा मुलाच्या प्रश्नात काही फरक पडला काय? देवघेव नोंदवही हा या निकषाचा सर्वांत सोपा व स्वस्त पुरावा आहे.

(आ) ज्या मुलाच्या हाती फोन नाही त्याच्यासाठी त्याच मजकुराची दुसरी वाट ठेवली आहे काय? मुक्त परवान्याची चित्रकथा छापून भिंतीवर लावता येते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेने पुस्तकांच्या पेटीतून साधलेली पोहोच हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. तेथे पेटी वाचकाच्या वस्तीत जाते आणि ती सांभाळणारा माणूस त्या वाचकांना ओळखत असतो.

(इ) सेवा बंद पडली तर काम उरेल काय?

(ई) स्वामित्वहक्क आणि बालकांचा खासगीपणा यांचे पालन होते काय?

(उ) या कामासाठी ग्रंथपालाच्या वेळापत्रकात वेळ राखून ठेवला आहे काय? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथपालाने देण्याऐवजी संस्थाचालक व शिक्षण विभाग यांनी द्यावयाचे आहे, म्हणूनच तो बहुतेक प्रश्नावल्यांत आढळत नाही.

९. समारोप

ऑनलाइन साधनांना सरसकट विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. ज्या शाळेत ग्रंथालयाची तासिका वेळापत्रकातून वगळली गेली आहे, तेथे एखादा संदेश हीच ग्रंथपालाची वर्गात शिरण्याची एकमेव वाट असू शकते. दूरच्या खेड्यातील मुलीला ‘किशोर’चा पन्नास वर्षांपूर्वीचा अंक वाचायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. आक्षेप आहे तो साधनाला माणसाचा पर्याय समजण्यावर. पद रिक्त ठेवायचे, असलेले पद अर्धवेळ करायचे, उरलेल्या वेळात इतर कामे द्यायची आणि मग संकेतस्थळांची यादी हाती देऊन ग्रंथालय डिजिटल झाल्याचे जाहीर करायचे, ही प्रक्रिया तंत्रज्ञानाच्या नावाखाली सेवेची कपात आहे.

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या अभ्यासकांवरही यात जबाबदारी येते. साधनांच्या याद्या करणारे लेखन या कपातीला नकळत आधार पुरवते. कारण साधन सहज मिळते असे सिद्ध झाले की माणसाची गरज आपोआप अनावश्यक वाटू लागते. महाविद्यालयात प्रथम वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी तालिका पाहू शकत नाही, संदर्भग्रंथ उघडत नाही, अशी तक्रार महाविद्यालयीन प्राध्यापक नेहमी करतात. त्या तक्रारीचे मूळ शाळेतील कुलूपबंद कपाटात आहे. शालेय ग्रंथपालाचा प्रश्न त्यामुळे शाळेपुरता मर्यादित राहत नाही. पुढील संशोधनाने साधनांची संख्या मोजण्याऐवजी एका शाळेतील एका वर्षाची देवघेव नोंदवही वाचावी. कोणत्या मुलाने कोणत्या पुस्तकानंतर कोणते पुस्तक नेले आणि ते त्याच्या हाती कोणी दिले, याचा शोध घेतल्यास पोहोच या शब्दाचा अर्थ अधिक स्पष्ट होईल.